चलो मच्छिंदर, गोरख आया

नवनाथांच्या पोथीत कोणी एका जागी बसत नाही, हे मला तिच्यातलं सगळ्यात आवडतं. आज गिरनार, उद्या बद्रिकाश्रम, परवा थेट यमपुरी. काखेत झोळी, झोळीत भस्म, तोंडात शाबरी मंत्र आणि पायाला भिंगरी. मालू कवीनं ही चाळीस अध्यायांची पोथी शके १७४१ मध्ये, म्हणजे १८१९ साली पुरी केली. आदल्याच वर्षी पेशवाई बुडाली होती, साताऱ्याचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला होता, आणि हा गृहस्थ वेताळाशी भिडणाऱ्या जोग्यांच्या ओव्या रचत होता. लोकांना तेव्हा काय ऐकावंसं वाटत असेल, हे त्याला बरोबर कळलं असणार.

आमच्या सांगली जिल्ह्यातल्या विट्याकडं श्रावण लागला की ही पोथी तांबड्या फडक्यातून बाहेर निघते. आमच्या घरची प्रत आडव्या सुट्या पानांची. आजी पान उलटताना अंगठ्याला जीभ लावायची, त्यामुळं सगळ्याच पानांचा खालचा उजवा कोपरा काळवंडलेला. पण स्त्रीराज्याच्या अध्यायाची पानं जरा जास्तच मळकी. वाचायला बसलेल्या बायका सांगायच्या नाहीत, पानं सांगतात.

गोष्ट सगळ्यांना पाठ असते, तरी पुन्हा ऐकायची असते. मच्छिंद्रनाथ एवढे मोठे सिद्ध, पण स्त्रीराज्यात गेले आणि तिथल्या राणीच्या महालात रमले. त्या राज्यात पुरुष टिकत नाही, मारुतीच्या भुभुःकारानंच तो संपतो. मग शिष्य आत शिरणार कसा? गोरखनाथ कलिंगा नावाच्या नर्तकीच्या ताफ्यात, बाईच्या वेषात, मृदंग वाजवणारी होऊन दरबारात पोचले. नाच रंगात आला आणि मृदंगातून बोल उमटले, ‘चलो मच्छिंदर, गोरख आया!’ दरबार दाद देतोय आणि सिंहासनावरच्या गुरूला दरदरून घाम फुटलाय. मंत्र नाही, अस्त्र नाही, निव्वळ सोंग आणि ताल. पोथीभर पर्जन्यास्त्रं, अग्न्यस्त्रं सुटतात, त्यातली बरीचशी मला आता आठवतही नाहीत. मृदंग मात्र विसरत नाही.

परतीच्या वाटेवरचा भाग तर खास आमच्या मुलखासाठीच लिहिल्यासारखा आहे. मच्छिंद्रनाथांच्या झोळीत राणीनं दिलेली सोन्याची वीट. वाटेत चोराचिलटांचं भय आहे का, अशी त्यांची सारखी विचारपूस. गोरखनाथ काय ते ओळखतात आणि वीट गुपचूप फेकून देतात. गुरू हळहळले, तेव्हा डोंगरच सोन्याचा करून दाखवतात. इथं कीर्तनकार वैराग्यावर तासभर बोलू शकतो. विट्यातला श्रोता मात्र ‘वीट फेकली’ या शब्दाशीच अडकतो. कारण ही गलाईवाल्यांची, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्यांची पेठ. खानापूर, आटपाडीकडचा हा दुष्काळी पट्टा. पावसानं पाठ फिरवली तशी इथली माणसं सोनं आटवायची मूस आणि तेजाब, म्हणजे जहाल आम्ल, घेऊन देशभर पांगली. दक्षिणेतल्या एखाद्या सराफ गल्लीत शिरून कुणाला सहज मराठीत हाक मारून बघा.

गलाईची भट्टी पाहिलेल्या माणसाला गोरखनाथांच्या डोंगराचं फार नवल वाटत नाही. मोडीचं सोनं शुद्ध करायचं, तर आधी त्यात आणखी चांदी घालावी लागते. ऐकणाऱ्याला वाटतं, हा बिघडवायला निघालाय. मग ते तेजाबात उकळायचं. नारिंगी धूर निघतो, डोळे चुरचुरतात, चांदी तेजाबात विरघळून जाते आणि तळाशी तपकिरी गाळ उरतो. चहाचा चोथा म्हणून कुणीही टाकून देईल असा. तेच सोनं! धुऊन पुन्हा मुशीत आटवलं की पिवळं होतं. हे बघताना प्रत्येक पोराच्या तोंडून एकदा तरी ‘आयला’ निघतोच.

पण पोथीतली माणसं जातात कुठं, यापेक्षा आणतात कुणाला, याकडं आमच्याकडच्या बायकांचं जास्त लक्ष. विट्याजवळ रेणावीला रेवणसिद्धांचं देऊळ आहे. पोथीत रेवणनाथ विट्यातच एका ब्राह्मणाच्या घरी उतरतात. त्याची सहा मुलं ओळीनं गेलेली, त्या रात्री सातवंही जातं. रडणं ऐकून नाथ उठतात ते यमाच्या दारात. यम कैलासाकडं बोट दाखवतो. मग तिथं जाऊन शिवगणांशी मारामारी, अष्टभैरवांशी मारामारी, आणि शेवटी एकाच्या जागी सातही मुलं पदरात! यमपुरीचा रस्ता विट्यातून जातो, असा विनोद आमच्याकडं करायची सोय आहे. बायपासच्या खड्ड्यांच्या संदर्भात तो केलाही जातो.

पोथीबाहेरचा चकवा याच्या अगदी उलटा. तो माणसाला कुठंच नेत नाही, त्याच्याच शिवारात रात्रभर फिरवतो. त्यावर उपाय एकच, खाली बसून निवांत तंबाखू मळायची आणि उजाडायची वाट बघायची. मुंजाबा, हडळ यांच्यापेक्षा हे भूत मला सभ्य वाटतं.

नाथांच्या खुणा जिल्हाभर आहेत. वाळवा तालुक्यात मच्छिंद्रगडावर मच्छिंद्रनाथांचं देऊळ आहे. बत्तीस शिराळ्यात तर गोरखनाथांनी मातीच्या नागाची पूजा करणाऱ्या बाईपुढं तोच नाग जिवंत करून दाखवला, असं सांगतात. नागपंचमीला जिवंत नागांच्या मिरवणुका त्यावरून सुरू झाल्या. पुढं १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या आधारे न्यायालयानं त्या थांबवल्या आणि पूजेला पुन्हा मातीचा नाग आला. गोरखनाथांची जादू उलटी फिरवणारा मंत्र शेवटी कोर्टाच्या कागदावर निघाला.

आमच्या शेजारच्या आक्का पोथीला नेमानं यायच्या. थोरला मुलगा गलाईला बाहेरगावी, दोन दिवाळ्या आलेला नव्हता. मृदंगाचा भाग आला की आक्का डोळे पुसायच्या, ही भक्ती असं आम्ही धरून चाललो होतो. एका श्रावणात अध्याय संपल्या संपल्या त्या उठल्या, घरी गेल्या आणि मुलाला फोन लावला, ‘तुझ्या दादांचं काय खरं न्हाई, आसशील तसा ये.’ पोरगं मिळेल त्या गाडीनं आलं. धावत पळत गल्लीत शिरलं, तर दादा, म्हणजे त्याचे वडील, पारावर पत्ते कुटत बसलेले, आणि पोराकडं बघून म्हणाले, “तू कसा काय मधीच?”