समुद्र तापतो आणि विषुववृत्ताजवळची हिमनदी काळवंडते

एल निनोच्या वर्षी, म्हणजे विषुववृत्ताजवळचा प्रशांत महासागर नेहमीपेक्षा जास्त तापतो तेव्हा, दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतरांगेतल्या हिमनद्या वेगाने झिजतात, हे बहुतेकांना ठाऊक असतं. कारण मात्र 'हवा तापली, बर्फ वितळला' एवढ्यावर उरकलं जातं. खरी गोम बर्फाच्या रंगात आहे.

ताजा हिम पडलेल्या उन्हापैकी सुमारे ८५ टक्के परत फेकतो. जुना, धुळकट बर्फ जेमतेम ३० टक्के. म्हणजे त्याच उन्हात ताजा हिम १५ भाग उष्णता घेतो, तर उघडा बर्फ ७० भाग. साडेचार पटींहून जास्त!

बोलिव्हियातल्या झोंगो हिमनदीचं उदाहरण घ्या. तिथे पावसाळा आणि कडक उन्हाळा एकाच वेळी येतात, साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. सूर्य डोक्यावर असतो, पण ढग आणि रोजचा ताजा हिम बर्फाला झाकून ठेवतात. तिथली वाफ येते पूर्वेकडून, ॲमेझॉनच्या खोऱ्यातून. प्रशांत महासागर तापला की अँडीजवर उंचावरचे पश्चिमी वारे जोर धरतात आणि ती वाफ वर चढू देत नाहीत. हिमवर्षाव उशिरा सुरू होतो आणि नेमक्या प्रखर उन्हाच्या महिन्यांत बर्फ उघडा पडतो. म्हणून अशा वर्षी मला सरासरी तापमानापेक्षा पहिला मोठा हिमवर्षाव कधी झाला, हे आधी पाहावंसं वाटतं.

इक्वेडोरमधल्या अँटिसाना ज्वालामुखीवरच्या हिमनदीत घडतं ते वेगळं. तिथे वर्षभर तापमान जवळपास सारखंच असतं, त्यामुळे थोडीशी उष्णता वाढली तरी हिमनदीच्या खालच्या भागात हिमाऐवजी पाऊस पडतो. पावसाच्या पाण्यातून बर्फाला मिळणारी उष्णता किरकोळ असते. नुकसान होतं ते पांढरं पांघरूण न पडल्यामुळे. समुद्र तापल्यापासून इथे परिणाम दिसायला साधारण तीन महिने लागतात.

किलिमांजारोवर तर हिंदी महासागराचा हात मोठा. त्याचा पश्चिम भाग जास्त तापला की पूर्व आफ्रिकेत ऑक्टोबर ते डिसेंबरचा पाऊस जोरदार होतो आणि शिखरावर हिम साचतो. कोरड्या वर्षी तो मिळत नाही. शिवाय शिखरावरच्या थंड, कोरड्या हवेत बर्फाची थेट वाफही होते. त्याला वितळण्याच्या सुमारे साडेआठ पट ऊर्जा लागते, म्हणून कोरडी हवा एका परीने झीज आवरते; हवा दमट झाली की तीच ऊर्जा बर्फ वितळवण्यात जाते.

मोजमाप होतं बर्फात भोक पाडून रोवलेल्या काठ्यांनी. काठी ६० सेंटिमीटर जास्त उघडी पडली आणि गेलेला बर्फच असेल, तर ०.९ ने (बर्फाची घनता पाण्याच्या सुमारे ०.९ पट) गुणून ५४ सेंटिमीटर पाणी गेलं. तोच ०.४ घनतेचा हिम असेल तर फक्त २४. इथेच आकडे चुकतात, म्हणून काठीशेजारी खड्डा खणून हिमाची घनता मोजावीच लागते. इंडोनेशियाच्या पापुआतल्या पुंचाक जाया शिखराजवळच्या बर्फात २०१० मध्ये रोवलेल्या काठीने नोव्हेंबर २०१५ पर्यंत वर्षाला सुमारे एक मीटर झीज दाखवली. पुढच्या मे महिन्यापर्यंत, ऐन एल निनोत, तोच वेग वर्षाला पाच मीटरांवर गेला.

ला निनाच्या, म्हणजे तोच समुद्र नेहमीपेक्षा थंड असतो त्या, वर्षी हिम भरपूर पडतो, काही हिमनद्यांची जमाही वाढते. तिला सावरणं समजू नये. एल निनोत गेलेला बर्फ बहुधा तेवढ्याने भरून येत नाही, आणि हिमनदी लहान झाली की भोवतालचे उघडे, तापलेले खडक तिच्या कडा आणखी कुरतडतात. बोलिव्हियातली चकाल्ताया २००९ मध्ये संपली. त्यानंतरही ला निना आल्या, पण साचायला तिथे हिमनदीच उरली नव्हती.