घरच्यांना सांभाळ

रविवार, रात्रीचे पावणेअकरा

गुरुवारी रात्री जेवताना हा एक वाक्य बोलला. त्याला आज तीन दिवस झाले. ते वाक्य ह्याच्या मुळीच लक्षात नसणार याची मला खात्री आहे, आणि माझ्या ते डोक्यातून जात नाही, म्हणून शेवटी ही वही काढली. लग्नानंतर वहीत पहिल्यांदाच लिहीत आहे, हेही आत्ताच लक्षात आले.

गुरुवारी बाजरीच्या भाकऱ्या केल्या होत्या. घोरपडीचे रेल्वे फाटक पडलेले असल्यामुळे ह्याला घरी यायला साडेनऊ वाजले. दोघांनाही सपाटून भूक लागली होती, तरी नेहमीप्रमाणे मी हात जोडून, डोळे मिटून प्रार्थना केली. अन्नाबद्दल उपकार मानले. घरच्यांना सांभाळ असे म्हटले. पप्पांच्या गुडघ्याला आराम पडू दे, आईला रात्री झोप लागू दे, धाकट्याला परीक्षेत यश दे, आत्याच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सुखरूप होऊ दे, शेजारच्या काकांची गाय व्याली आहे तिच्यावरही तुझी कृपा असू दे, असे सगळे सांगून झाल्यावर येशूच्या नावाने मागून मी थांबले. ह्याने ‘आमेन’ म्हटले, भाकरीचा पापुद्रा उचलला, आत ठेचा भरला आणि म्हणाला, “गाईपर्यंत आलीस. माझा नंबर उद्या लागेल बहुतेक.”

मग हसला आणि दही आहे का, असे विचारले. दही होते.

त्या रात्री मला प्रथम रागच आला. प्रार्थनेत माणसे मोजत बसणारा हा कसला माणूस! डोळे मिटून बसायचे असते आणि कान उघडे ठेवायचे नसतात, एवढे तर शब्बाथशाळेतल्या पोरांनाही कळते. भांडी घासताना मी मनातल्या मनात माझी बाजू मांडत होते. जो समोर बसला आहे, ज्याच्या ताटात मी आत्ताच भाकरी वाढली, ज्याचा डबा मी सकाळी सहाला उठून भरते, त्याच्यासाठी देवाकडे वेगळा अर्ज करायची गरज काय? बाजू चांगली होती. पण तवा घासून झाला तेव्हा ती तितकीशी चांगली राहिली नव्हती, कारण तोवर मी गेल्या तीन महिन्यांतल्या आठवतील तेवढ्या प्रार्थना आठवून पाहिल्या होत्या आणि एकीतही हा नव्हता. ह्याच्या मम्मी नव्हत्या, ह्याचे दादा नव्हते, वहिनी नव्हत्या. ‘घरचे’ म्हणून मी रोज ज्यांना देवाच्या हाती सोपवत होते, ते सगळे 120 किलोमीटरवर नगरला होते.

शब्दांचे पत्ते बदलायला वेळ लागतो, अशी मी स्वतःची समजूत घातली. लग्न ठरले तेव्हा मम्मी पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या की त्यांच्या आईचे बालपण केडगावला गेले. मी उत्साहाने विचारले, “केडगावला कुठे? देवीच्या बाजूला का?” कारण आमचे केडगाव म्हणजे नगरच्या वेशीवरचे, पुणे रस्त्यावरचे. त्यांचे केडगाव म्हणजे दौंडच्या अलीकडचे, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे. देवीचे नाव ऐकून त्यांचा चेहरा जो झाला, तो मला आयुष्यभर पुरेल. नाव एकच आणि गावे दोन. तसेच ‘घर’ या शब्दाचे झाले आहे. ऑफिसात मैत्रिणीला ‘घरी जाते’ म्हटले की तीही विचारते, कुठल्या?

आमच्याकडे, म्हणजे पाहा, पुन्हा ‘आमच्याकडे’, तर नगरला जेवणापूर्वी पप्पा प्रार्थना करत. अमेरिकन मिशन 1831 साली नगरात आले आणि त्या मंडळीत, म्हणजे त्या चर्चमध्ये, वाढलेल्या माणसाला देवाशी स्वतःच्या शब्दांत बोलता आले पाहिजे, यावर पप्पांचा ठाम विश्वास. कागदावरची प्रार्थना वाचणे म्हणजे तहसीलदाराला तीन प्रतींत अर्ज करण्यासारखे आहे, असे ते म्हणत. त्यामुळे आमची प्रार्थना रोज नवी असे आणि रोज लांबत असे. गल्लीतले आजारी, मंडळीतल्या विधवा, पाऊस न झालेली गावे, परीक्षेला बसलेली मुले असे सगळे तीत येऊन जात, आणि आम्ही दोघे भावंडे एक डोळा किलकिला करून कालवणावर साय धरताना पाहत असू. आई हातातला चमचा भांड्यावर हलकेच वाजवी. तो इशारा समजून पप्पा ‘आणि शेवटी’ म्हणत, आणि ‘आणि शेवटी’नंतर आणखी दोन मिनिटे जात.

ह्याच्याकडचे सगळेच निराळे. हे लोक पंचहौदचे, पुण्याच्या गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयाचे. तिथे सगळे प्रार्थनापुस्तकाप्रमाणे, उपासनेतही आणि जेवायला बसल्यावरही. (सोयरीक जुळली तेव्हा पप्पांनी एकच विनोद पाचसहा जणांना ऐकवला होता, की 1890 साली तिथल्या मिशनऱ्यांकडच्या चहापायी लोकमान्य आणि न्यायमूर्ती रानडे दोघेही प्रायश्चित्ताच्या भानगडीत सापडले, तेव्हा तिथे जपून चहा घ्या.) ह्याच्या घरी रोज तीच चार ओळींची प्रार्थना, त्याच शब्दांत, दहा सेकंदांत. साखरपुड्यानंतर मी पहिल्यांदा तिथे जेवायला बसले तेव्हा ‘आमेन’नंतर पुढचे सुरू होईल म्हणून डोळे मिटून तशीच बसून राहिले. थोड्या वेळाने डोळे उघडले तर सगळ्यांचा पहिला घास होऊन गेला होता आणि मम्मी काळजीने विचारत होत्या, “बरं वाटत नाही का गं?”

आमच्या आणि त्यांच्या मंडळ्या 1970 साली उत्तर भारतीय मंडळीत, सीएनआयमध्ये, एक झाल्या. कागदोपत्री तो प्रश्न आम्ही जन्मण्यापूर्वीच मिटलेला आहे. जेवणाच्या टेबलावर तो अजून चर्चेत आहे, इतकेच.

गुरुवारपासून मला त्या चार ओळींचा हेवा वाटतो आहे. तीत कोणाचेच नाव नाही, म्हणून कोणीच वगळले जात नाही. माझ्या प्रार्थनेत गाय आहे आणि नवरा नाही.

खरे तर या घरात प्रार्थना मी करायची, असे कोणी ठरवले नव्हते. पहिल्या रात्री गॅस जोडलेला नव्हता. कोपऱ्यावरून आणलेली पोळीभाजी आम्ही वर्तमानपत्र अंथरून खाल्ली. तेव्हा हा म्हणाला, “तूच कर, तुला छान येते,” आणि मला ते इतके आवडले की दुसऱ्या रात्रीही मीच केली. या घरातले बहुतेक कायदे असेच झाले आहेत. पाण्याचा पिंप ह्याने भरायचा, कडी मी लावायची, कचऱ्याची बादली जो आधी बाहेर पडेल त्याने न्यायची. एकदा झाले ते तसेच राहिले. हे घर शोधताना काय काय ऐकून घ्यावे लागले, ते इथे लिहीत नाही. मिळाले ते अकरा महिन्यांच्या करारावर, आणि नवा खिळा मारायचा नाही या अटीवर. म्हणून आमचा क्रूस आधीच्या भाडेकरूंच्या खिळ्यावर टांगला आहे. तिथे त्यांची मोठी तसबीर असावी, कारण भिंतीवर फिकट रंगाचा एक चौकोन उरला आहे आणि क्रूस त्या चौकोनाच्या मानाने अगदी लहान दिसतो, मोठ्या भावाचा सदरा घातलेल्या मुलासारखा. जूनमध्ये पाळकसाहेब घरासाठी प्रार्थना करायला आले तेव्हा तेही क्षणभर त्या चौकोनाकडे पाहत राहिले, आणि मग त्यांनी ‘या दोघांच्या घराला’ आशीर्वाद मागितला. त्यांना ते शब्द किती सहज सुचले! नगरच्या मंडळीने दिलेले, सभासदत्व इकडे हलवण्याचे पत्र तेव्हाच त्यांच्या हाती द्यायचे होते. ते अजून माझ्या पर्समध्ये आहे. त्याबद्दल पुन्हा कधीतरी.

शुक्रवारी मी चूक सुधारायची ठरवली. सगळ्यांची नावे घेतली आणि शेवटी ह्याचेही नाव घेतले. पण ते कानाला असे लागले, जणू लग्नपत्रिका छापून झाल्यावर राहून गेलेल्या मामांचे नाव कोणी पेनाने लिहिले आहे. ह्याचे ‘आमेन’ही जरा दबकतच आले. शनिवारी मी उलटे केले. कोणाचेच नाव घेतले नाही, अन्नाचे उपकार मानले आणि थांबले. दहा सेकंदही झाले नसतील. डोळे उघडले तेव्हा मला एकदम रडू कोसळेलसे झाले. वाटले, मी आईपप्पांना बाहेर पावसात उभे करून दार लावून घेतले आहे. माझे गाव सुटले, माझी गायनमंडळातली जागा दुसरीला मिळाली, पप्पांचा गुडघा दुखतो तेव्हा गरम पाण्याची पिशवी धाकट्याला सापडत नाही, आणि इकडे एक माणूस ठेचा खाताखाता माझ्याकडे हजेरीपटावर सही मागतो. मी डोळ्यांत काही गेल्याचे सांगून स्वयंपाकघरात गेले. खिडकीखालून गाडी जात होती. नगरची गाडी याच रुळांवरून दौंडमार्गे जाते. ती तीच होती का कोणास ठाऊक. मालगाडी असेल. मी मात्र ती नगरचीच धरून पुरेसे रडून घेतले.

आज दुपारी आईला फोन केला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर सहज विचारल्यासारखे विचारले, “आई, पप्पांच्या जेवणाच्या प्रार्थनेत तुझं नाव असायचं का गं?”

आई थोडा वेळ गप्प बसली. मग हसायलाच लागली. म्हणाली, “माझं नाव पहिल्यांदा आलं ते पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा. आठ दिवस होतं. घरी आले, पोळ्या लाटायला लागले, की काढलं.”

“तुला वाईट नाही वाटलं?”

“काढलं तेव्हा बरं वाटलं. म्हटलं, बरी झाले बाई एकदाची.”

मग मी विचारले की ती पप्पांसाठी प्रार्थना करते का. “करते की,” ती म्हणाली, “पण मोठ्याने नाही. ऐकलं तर डोक्यावर बसतील.” त्यानंतर तिने कांदे काय भाव मिळाले ते विचारले आणि मी तिथले भाव विचारले. गुडघ्याचे नेमके काय म्हणाले डॉक्टर, हे तिने सांगायचे टाळले आणि मीही रेटले नाही.

फोन ठेवल्यावर मी पप्पांच्या यादीतली माणसे एकेक करून आठवली. आजारी, परगावची, अडलेली. ज्याच्यापर्यंत पप्पांचा हात पोचत नसे, तोच त्या यादीत येत असे. टेबलाशी बसलेल्या कोणाचे नाव त्यांनी क्वचितच घेतले. माझे रोज येऊ लागले आहे ते मे महिन्यापासून, हे धाकट्याने मागे एकदा चिडवताना सांगितले होते आणि तेव्हा मला त्याचे फार कौतुक वाटले होते. आता ते कौतुक जरा वेगळेच वाटते आहे. म्हणजे मीही गाईच्या रांगेत गेले तर.

हा हिशेब मला बरा वाटला. हा माझ्या यादीत नाही, कारण हा समोर आहे. संध्याकाळभर मी हे ह्याला कसे सांगायचे त्याची जुळवाजुळव करत होते. पण ते वाक्य ह्याला आठवतच नसेल तर मी तीन दिवस त्याचा काथ्याकूट करत होते हे कबूल करावे लागेल, आणि इतकी मी अजून ह्याच्या ओळखीची झालेली नाही. शिवाय हिशेबात एक खोट आहेच. मम्मी समोर कुठे असतात? त्या दादांकडे राहतात, आणि त्यांचा रक्तदाब माझ्या प्रार्थनेत एकदाही आलेला नाही.

रात्री वरणभात होता. कुकर उघडून मी ताटे घेतली आणि बसले, तर हा म्हणाला, “आज मी करतो.”

मी डोळे मिटायचे विसरले. ह्याने हात जोडले, मान खाली घातली आणि त्याच्या घरच्या चार ओळी भरभर म्हणून टाकल्या, पाढे म्हणतात तशा. ‘आमेन’ म्हणाला. पण डोळे उघडले नाहीत. कपाळाला आठी घालून तसाच बसून राहिला. पाठ केलेले संपल्यावर पुढे काय बोलायचे असते, हे ह्याला माहीत नसावे. मला ‘आणि शेवटी’ असे सुचवावेसे वाटले. शेवटी ह्याने घसा खाकरला आणि म्हणाला, “आणि, प्रभू, पप्पांचा गुडघा.”

इतकेच. गुडघ्याचे काय करायचे ते देवावर सोपवून ह्याने दुसऱ्यांदा ‘आमेन’ म्हटले, डोळे उघडले, मी टक लावून पाहते आहे हे पाहिले आणि वरणाची वाटी पुढे ओढली.

“तुझं नाव राहिलं,” मी म्हणाले.

“तुझंही राहिलं,” हा म्हणाला. “तूप दे.”

मी आतून तुपाचे भांडे आणले.