इन्शुरन्स असतो ना, मग व्हॉलंटिअर कशाला?

भारतात गेलं की हा प्रश्न हमखास येतो. २०१७ मध्ये टेक्सासला हार्वे चक्रीवादळ आलं तेव्हा तुम्ही ह्यूस्टनचे मराठी लोक दुसऱ्यांची घरं उपसायला जायचात म्हणे, पण अमेरिकेत सगळ्यांचा इन्शुरन्स असतो, सरकार पैसे देतं, मग व्हॉलंटिअर लागतातच कशाला? तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर लिहितेय, कारण फोनवर हे कधीच पूर्ण सांगून होत नाही.

आधी इन्शुरन्सचं. घराची जी नेहमीची पॉलिसी असते त्यात वाऱ्याने छप्पर उडालं तर पैसे मिळतात, पण पुराचं पाणी आत शिरलं तर काही मिळत नाही. पुराची पॉलिसी वेगळी, बहुतेक करून सरकारी योजनेतली, आणि ती घेतल्यावर साधारण ३० दिवसांनी लागू होते, म्हणजे वादळ समुद्रात दिसल्यावर धावाधाव करून उपयोग नाही. बँकसुद्धा कर्ज देताना ही पॉलिसी सक्तीची करते ती सरकारी नकाशावर पूरक्षेत्रात येणाऱ्या घरांनाच. २५ ऑगस्ट २०१७ ला हार्वे टेक्सासच्या रॉकपोर्टजवळ किनाऱ्याला लागलं आणि मग हलेचना, टेक्सासमधल्याच नेदरलँड नावाच्या गावाजवळ त्या काही दिवसांत ६०.५८ इंच पाऊस मोजला गेला, म्हणजे दीड हजार मिलिमीटरच्या वर (२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ पडला होता, त्यावरून अंदाज करा). ह्यूस्टन ज्यात येतं त्या एकट्या हॅरिस काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) दीड लाखाहून जास्त घरांत पाणी शिरलं, आणि त्यातली जवळपास निम्मी नकाशावरच्या पूरक्षेत्राच्या बाहेर होती. त्यामुळे पाणी शिरलेल्या बहुतेक घरांकडे पुराची पॉलिसीच नव्हती. निष्काळजी नव्हते हो हे लोक, त्यांना सांगितलंच गेलं होतं की तुमच्याकडे पाणी येत नाही. ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी नावाच्या उपनगराच्या बाजूला बार्कर धरणाच्या वरच्या अंगाला आपली कितीतरी भारतीय कुटुंबं राहतात, तिथे धरणाचं साठलेलं पाणी मागे पसरत घरांत गेलं आणि काही ठिकाणी कित्येक दिवस उतरलंच नाही.

सरकारी मदत मिळते, नाही असं नाही. पण तेव्हा फेमाची, म्हणजे केंद्र सरकारच्या आपत्ती निवारण खात्याची, एका कुटुंबाला जास्तीत जास्त मदत होती ३३,३०० डॉलर, आणि बहुतेकांच्या हातात त्याहून खूप कमी आले. एवढ्यात अख्खं घर उभं राहत नाही.

आणि खरा मुद्दा पैशापेक्षा वेळेचा आहे. नुकसानीची पाहणी करणारा माणूस यायला आठवडे लागतात, बुरशी मात्र एक-दोन दिवसांतच धरायला लागते. इथली घरं लाकडी सांगाड्याची, त्यावर शीटरॉक म्हणजे कागदात गुंडाळलेला जिप्सम, आणि तो वातीने तेल ओढावं तसं पाणी वर ओढतो. फूटभर पाणी आलेलं असलं तरी भिंत त्याच्या बरीच वरपर्यंत ओली, आणि आत उष्णता अडवायला भरलेलं इन्सुलेशन तर निथळत असतं. म्हणून जमिनीपासून चार फुटांवर सरळ रेघ मारायची, खालचा शीटरॉक कापून काढायचा (चारच फूट कारण शीटरॉकची शीट चार फूट रुंद येते, नंतर आडवी नेमकी बसते), इन्सुलेशन उपटायचं, कार्पेट कापून गुंडाळून बाहेर न्यायचं, उरलेले खिळे काढायचे, फवारणी करायची. ऑगस्टच्या उकाड्यात, वीज नसताना, एन९५ मास्क लावून. सत्तरीतल्या जोडप्याने हे कसं करायचं? कंत्राटदार मिळत नव्हते, मिळाले तर वाट्टेल ते पैसे सांगत होते, काही तर आगाऊ रक्कम घेऊन गायब झाले. म्हणून व्हॉलंटिअर लागतात. सात-आठ जणांची टीम एका दिवसात एक घर रिकामं करते आणि घरमालकाचे हजारो डॉलर वाचतात, जे पुढे दरवाजे, फरशी, वायरिंगला लागणारच असतात.

फोटो काढल्याशिवाय मात्र काहीही फेकायचं नाही, फ्रिजचा मॉडेल नंबरसुद्धा टिपून ठेवायचा, क्लेमला लागतो. आणि घरातल्या माणसाला विचारल्याशिवाय तर मुळीच नाही. आपल्याला जो ओला लगदा दिसतो तो त्यांचा लग्नाचा अल्बम असतो. एका आजींनी भिजलेल्या पाककृतींच्या वह्या तासभर हातातून सोडल्या नाहीत, आम्ही पान न् पान सुटं करून ड्राइव्हवेवर वाळत घातलं. भिंती जरा उशिराने पाडल्या तरी चालतात, पण हे करायलाच हवं असं मला ठाम वाटतं.

पहिल्या दोन आठवड्यांत माणसांची कमी नव्हती. चर्चचे पिवळ्या टीशर्टवाले, टीम रुबिकॉन या संस्थेचे माजी सैनिक, सेवा इंटरनॅशनल या भारतीयांच्या संस्थेतली आपली मुलं, लुइझियानाहून बोटी घेऊन आलेले लोक. नोव्हेंबर उजाडला आणि रस्ते रिकामे. लाकूड वाळायला आठवडे जातात, ओलावा मीटरवर साधारण १५ टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय भिंत बंद करता येत नाही, म्हणजे बांधायची वेळ येते तेव्हा मदतीला आलेले परत गेलेले असतात आणि उघड्या सांगाड्याच्या घरात लोक वरच्या मजल्यावर मायक्रोवेव्हवर स्वयंपाक करून राहतात. या टप्प्याला ताकदीपेक्षा हातात कसब लागतं. मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांच्या संस्थेचे सुतार यासाठीच वादळ येऊन गेल्यावर बऱ्याच काळाने येतात आणि आठवडेच्या आठवडे राहून घरं पूर्ण करून देतात. आमच्यातल्या काहींनी त्यानंतर शीटरॉकचे सांधे भरायला शिकून घेतलं, आणि आता कुठे पूर आला आणि उपसायला माणसं पुरेशी असली की आम्ही नावं देऊन सांगतो, आम्हाला जानेवारीत बोलवा.