काखेवर आयपीएल मशीन वापरताना: माझा अनुभव

नको असलेले केस घरीच कमी करायच्या आयपीएल (इंटेन्स पल्स्ड लाइट) मशीनला सगळे लेझरच म्हणतात, पण तो लेझर नव्हे. कॅमेऱ्याच्या फ्लॅशसारखा झगझगीत उजेड असतो. केसातलं काळं द्रव्य, मेलॅनिन, तो शोषून घेतं, तापतं आणि मुळाला चटका बसतो. कातडीतही तेच मेलॅनिन. सगळी जोखीम इथंच.

हात गव्हाळ आणि काख सावळी, हे आपल्याकडे नेहमीचं. म्हणून हातावर जमलेली लेव्हल मी काखेवर लावत नाही. मशीनसोबतच्या रंगपट्टीशी काखेचीच कातडी जुळवते, सर्वांत कमी लेव्हलवर एकच फ्लॅश देते आणि २४ तास थांबते. पट्टीवरच्या सर्वांत गडद रंगाला हे मशीन चालत नाही. मान आणि काख मखमलीसारखी जाड, काळी झाली असेल, तर आधी डॉक्टरकडे जाऊन साखर तपासावी. मुरुमांच्या गोळ्या चालू असतील तर विचारल्याशिवाय नको, गरोदरपणात तर नकोच.

सुरुवात दिवाळीनंतर बरी. मे महिन्यात कूलरसमोर बसूनही काख कोरडी राहत नाही, आणि घामोळ्यांवर फ्लॅश देत नाहीत.

वॅक्सिंग केलं की मूळच उपटून येतं, मग उजेडाला तापवायला काही उरत नाही. त्यामुळे रेझरच. डिओ, पावडर धुऊन काख कोरडी करायची. खुंट राहिले की ते जळतात, करपट वास येतो आणि मशीनच्या ज्या काचेतून उजेड येतो तिच्यावर मोहरीएवढा काळा डाग बसतो. पुढच्या फ्लॅशला तो डागच तापतो आणि नेमका तेवढाच ठिपका भाजतो. मशीन बंद करून, गार झाल्यावर काच मऊ कापडानं पुसते.

हात डोक्यामागे घेतला की खोलगट कातडी ताणली जाते. काच पूर्ण टेकली पाहिजे. फट राहिली तर फ्लॅश होत नाही किंवा उजेड बाहेर निसटतो. तीळ आणि गोंदण सोडून द्यायचं.

नंतर सैल सुती कपडा. दिवसभर डिओ नको, कढत पाणी नको. थोडी लाली काही तासांत जाते. फोड आला तर गार पाणी आणि डॉक्टर. टूथपेस्ट कशाला!

वाढीत असलेल्या केसांवरच परिणाम होतो, म्हणून पंधरा-पंधरा दिवसांनी चार-पाच वेळा, मग महिन्यातून एकदा. पांढऱ्या केसांवर काहीच होत नाही.

वायरवर चालणाऱ्या मशीनची एक खोड: मधेच लाइन गेली की कुठवर आलो ते आठवत नाही आणि तीच जागा दुबार भाजते. मी वरून खाली तीन ओळी धरते. शंका आली तर ती ओळ सोडते. पंधरा दिवसांनी पुन्हा बसायचंच असतं.