पट्टी उतरलेलं गाणं

सौंदत्तीच्या यल्लम्माचं नवं गाणं होतं. शब्द आणि चाल वडगावच्या एका मामांची. त्यांनी ते मोबाईलवर गाऊन ठेवलेलं, मागे शेजारच्या यंत्रमागांची खडखड. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या जत्रेआधी ते पक्कं होऊन हवं होतं. आम्ही बेळगावात आवाज आणि मूळ वाद्यं घेतो. संयोजन (बाकीच्या वाद्यांची भर) आणि मिक्सिंग (सगळे आवाज एकत्र जुळवणं) बाहेरगावच्या प्रोड्युसरकडून करून घेतो. माणूस निवडताना मोबाईलवरचा तोच कच्चा तुकडा दोघातिघांना देऊन तीस सेकंदांचा नमुना मागवतो, आणि त्याचे पैसे देतो. फुकटातला नमुना कुणी मन लावून करत नाही. या वेळी निवडलेल्या प्रोड्युसरने नमुन्यात आवाजाभोवती जागा मोकळी ठेवली होती, म्हणून काम त्याला गेलं.

मोबाईलची फाइल चाल कळण्यापुरतीच. फोन आपल्या मनाने आवाज वरखाली करतो, आणि तुणतुण्याचा अखंड सूर त्याला गोंगाट वाटतो म्हणून दाबून टाकतो. त्यामुळे सगळं नव्याने घेतलं, 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला आवाजाच्या 48 हजार नोंदी. व्हिडिओ करायचा होता म्हणून 48. मामांची पट्टी काळी एक, म्हणजे पेटीवरच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सा. लय मिनिटाला 84 ठोक्यांना सुरू होते आणि शेवटच्या उदोला 96 पर्यंत चढते. अशा गाण्याला एकाच लयीचा क्लिक (लय धरायला कानात वाजणारा ठोका) दिला तर गाणारा क्लिकच्या मागे धावतो आणि चढण मरते. म्हणून मामांच्या कच्च्या गाण्यावर प्रत्येक समेला हाताने खूण करून लयीचा नकाशा बनवला आणि त्याच चढत्या लयीचा क्लिक त्यांच्या कानात दिला.

चौंडकं वेगळं घेतलं. ते काखेत धरतात, चामड्यातून निघालेली तार एका हाताने ताणतात आणि दुसऱ्या हाताने छेडतात. ताणली की सूर चढतो, सैल सोडली की उतरतो. तो घुमारा शब्दाच्या वजनाबरोबर हलतो, त्यामुळे लायब्ररीतला तयार तुकडा तिथे चालतच नाही. माईक चामड्यासमोर अगदी नाकाशी लावला तर नुसता ठोका येतो. वीतभर मागे, जरा तिरका ठेवला की तारही ऐकू येते. प्रत्येक ट्रॅकच्या सुरुवातीला खूण म्हणून एक टाळी घेतली. सगळ्या फाइली ड्राइव्हवरून पाठवल्या. व्हॉट्सअॅपवर ऑडिओ म्हणून टाकलं तर आवाजाचा दर्जा उतरू शकतो.

पहिलं मिक्स आलं ते कानाला भारी होतं. खाली बेस, मधे व्हायोलिन, सगळं स्वच्छ. मामांनी मुखडा ऐकला आणि हेडफोन काढला. "पट्टी उतरल्या की ओ. आणि हे मी न्हवंच." चौंडकंवाला म्हणाला, तार एवढी ढिली आपण कधी सोडतच नाही.

हार्मोनियमवर धरून बघितलं तर गाणं पांढरी सातवर, म्हणजे काळ्या-पांढऱ्या धरून दोन पट्ट्या खाली. लयही मंद, सुरुवात 77 च्या आसपास. मग टाळीपासून शेवटच्या ठोक्यापर्यंतचं अंतर मोजलं. आमच्याकडे नेमकी 4 मिनिटं, त्याच्याकडे 4 मिनिटं 21 सेकंद. भागाकार केला: 1.088. 48 ला 44.1 ने भागलं की हाच आकडा येतो. तिथे उलगडा झाला. त्याचं सेशन (कॉम्प्युटरवरचं गाण्याचं काम) 44.1 किलोहर्ट्झचं, आणि फाइल आत घेताना 48 चं 44.1 करणारं रूपांतर बंद. त्यामुळे फाइल संथ वाजली आणि सूर सुमारे दीड पट्टी खाली गेला, पांढरी सात आणि तिच्या पुढची पांढरी एक यांच्या बरोबर मधे. लोकगीत गाणारे कुठे पेटीच्या पट्टीवर गातात, असं समजून त्याने आवाज पिच करेक्शनने (सूर सरळ करणाऱ्या सॉफ्टवेअरने) पांढरी सातवर ओढून बसवला. उरलेली अर्धी पट्टी तिथे गेली, आणि जाताना मामांच्या गळ्यातले हेलही घेऊन गेली. आवाज घोगरा, वयस्क वाटत होता तो फाइल संथ वाजल्यामुळे. पेटीच्या पट्टीबद्दलची त्याची समजूत मला फार टोचली. मामा पेटीला धरूनच गातात, आणि शंका आली तर एका फोनचं काम होतं.

दुरुस्तीत बेस आणि पॅड (मागचे लांब सूर) लगेच सुटले, ते मिडीवर होते, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज नाही, कॉम्प्युटरला दिलेल्या सुरांच्या सूचना. पट्टी आणि लयीचा नकाशा बदलला की झालं. व्हायोलिन मात्र माणसाने वाजवलेलं. दोन पट्ट्या वर ढकलून ते पातळ ऐकू यायला लागलं, म्हणून पुन्हा वाजवून घ्यावं लागलं. करारात दोन फेऱ्यांचे बदल धरलेले होते. मूळ फाइलच्या लांबीत किंवा पट्टीत फरक पडला तर तो बदलाच्या फेरीत मोजायचा नाही, हे वाक्य आम्ही घातलेलं होतं. तेवढ्या एका ओळीमुळे वादावादी झाली नाही. निम्मे पैसे आगाऊ दिलेले असतात, निम्मे सुटे ट्रॅक (प्रत्येक आवाजाची वेगळी फाइल) हातात आल्यावरच.

आता संयोजनाला हात लावण्याआधी आम्ही प्रोड्युसरकडून त्याच्या सेशनमधून काढलेला नुसता कोरा आवाज परत मागवतो. टाळी ते शेवट लांबी जुळली, पेटीवर पट्टी जुळली, की पुढे जा म्हणायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरं मिक्स काळी एकवर आलं. आवाजावर पिच करेक्शन नाही, चौंडकं जसंच्या तसं. आम्ही पक्कं मिक्स, गाण्याविना नुसतं संगीत (जत्रेत कर्ण्यावर गायला लागतं) आणि सगळे सुटे ट्रॅक घेतले. हक्कांचा कागदही सहीनिशी झाला: शब्द-चाल मामांची, रेकॉर्डिंग पैसे लावणाऱ्याचं, मुदत आणि प्रदेश स्पष्ट लिहून. 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्क देणं लेखीच लागतं. मुदत लिहिली नाही तर ती 5 वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. मामांनी कागद मराठीत करून मागितला, वाचला आणि मग सही केली.