आई, उंडी आणि कॅसोवरी

मेलबर्नला राहून आठ वर्षं झाली, पण क्वीन्सलंडचं जंगल बघायचं राहूनच गेलं होतं. यंदा गुहागरहून आई आली आणि सप्टेंबरच्या शेवटी लेकीला शाळेची सुट्टी लागली. कोरडा मोसम, समुद्रात जेलीफिशचा सुळसुळाट अजून सुरू व्हायचा होता, म्हणून तिथल्या डेंट्रीच्या जंगलात जायचं नक्की केलं. लेकीने यादी केली: कॅसोवरी हा न उडणारा मोठा पक्षी, झाडावर राहणारा कांगारू, मगर. आईची अट एकच, "मला फार चालवू नका."

केर्न्सला उतरून गाडी भाड्याने घेतली. करारातली बारीक अक्षरं वाचली ते बरं झालं. डांबरी रस्ता केप ट्रिब्युलेशनला संपतो. पुढचा ब्लूमफील्डचा कच्चा रस्ता फोर-व्हील ड्राइव्हवाल्यांसाठी, आणि तिकडे गाडी नेली तर आमचा विमा लागू नव्हता. मॉसमनला पेट्रोलची टाकी भरली, नकाशे फोनमध्ये उतरवून ठेवले. डेंट्री नदीपलीकडे विजेची लाइनच नाही, सगळं सौर पॅनल नाहीतर जनरेटरवर चालतं आणि फोनला रेंज जवळजवळ नाहीच. हे घरी सांगितल्यावर सगळ्यात जास्त नाराज नवरा झाला.

नदी ओलांडायला पूल नाही. तारांवरून ओढत जाणारी फेरीबोट आहे. गाडी चढवली, जरा इकडेतिकडे बघेपर्यंत पलीकडचा काठ आला. आई म्हणाली, "यापेक्षा आपली धोपाव्याची फेरी बरी, दाभोळ येईपर्यंत वारा तरी लागतो अंगाला."

पहिल्या दिवशी मी मोठी चूक केली. जिंदाल्बा, मार्जा, डुबुजी असे तीन लाकडी पायवाटांचे फेरफटके एका दिवसात उरकले. पंख्यासारख्या पानांचे ताड, तिवरांची मुळं, वेतांची जाळी सगळं पाहिलं, पण यादीतलं एकही जनावर दिसलं नाही. वेताला इथे 'वेट-अ-व्हाइल' म्हणतात, कारण त्याचे आकडे कपड्यात अडकले की सोडवेपर्यंत थांबावंच लागतं. वेत आणि वेट, लेकीला हे फारच आवडलं. दिवसभर तेवढाच एक विनोद पुरला.

संध्याकाळी थॉर्नटन बीचवर गेलो. पाटी मगरींची, त्यामुळे पाण्यात पाय घालायचा नाही, काठापासून पाच मीटर लांब राहायचं. कोकणातल्या बाईला समुद्रावर नेऊन पाय भिजवू नको म्हणणं म्हणजे काय, ते माझं मला माहीत. आई रुसून झाडाखाली बसली आणि पाचच मिनिटांत तिथून हाक आली, "अगो, ही तर उंडी!" खरंच उंडी. तीच गोल फळं, तीच जाड चकचकीत पानं. तिच्या लहानपणी हिच्या बियांचं कडू तेल दिव्यात घालायचे. वाळूवर पसरलेली मर्यादवेलही तिनेच दाखवली, मागचा केवडाही. हजारो मैल लांब येऊन आई परसात फिरावं तशी फिरत होती. चार उंड्या तिने पदरात टाकल्या होत्या. राष्ट्रीय उद्यानातून काही न्यायचं नसतं, म्हणून परत ठेवायला लावल्या. तेव्हा पुन्हा रुसली.

हे जंगल कुकू यालांजी या इथल्या मूळ रहिवाशांचं. केप ट्रिब्युलेशनला ते कुल्की म्हणतात. कॅप्टन कुकचं जहाज १७७० मध्ये इथल्या प्रवाळावर आदळलं आणि त्याने वैतागून हे 'संकटाचं' नाव ठेवलं. २०२१ मध्ये डेंट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी यालांजींना परत मिळाली. दुसऱ्या दिवशी मॉसमन घळीत त्यांच्यातल्याच एका वाटाड्याबरोबर चाललो. आधी झाडपाल्याचा धूर करून त्याने आमचं स्वागत केलं. मग अर्ध्या तासात आम्ही जेमतेम दोनशे पावलं गेलो असू. तो थांबायचा, आम्ही थांबायचो. एका बारीक खोडाला चिकटलेला बॉइड्स ड्रॅगन सरडा मला दिसायला पूर्ण मिनिट लागलं. आपण सरकलो की तोही खोडामागे सरकतो. काल अशा कितीजणांच्या समोरून तरातरा गेलो असू कोण जाणे.

म्हणून तिसऱ्या दिवशी यादी गाडीतच ठेवली. वाटेत एका ठिकाणी जमिनीवर बियांनी भरलेला मोठा ढीग दिसला. आई म्हणाली, "आपल्याकडे कांडेचोर (उदमांजर) असंच करतो." ती कॅसोवरीची विष्ठा होती. तो फळं अख्खी गिळतो आणि बिया अशा लांब नेऊन टाकतो. मोठ्या बियांच्या कितीतरी झाडांचा प्रसार याच्यावर अवलंबून आहे.

आणि परतीच्या वाटेवर, गाडी अगदी हळू असताना, तो आला. माणसाएवढा उंच, निळी मान, डोक्यावर शिंगासारखा तुरा, मागे तीन पट्टेरी पिल्लं. समोर आला तर पळायचं नाही, पिशवी पुढे धरून हळूहळू मागे सरकायचं, हे मी सगळ्यांना घोकून ठेवायला लावलं होतं. पायाच्या आतल्या बोटाला सुरीसारखी नखी असते. पण आम्ही काचा वर करून गाडीतच गप्प बसलो. त्याने आमच्याकडे पाहिलंही नाही. पिल्लं रस्ता ओलांडेपर्यंत थांबला आणि झाडीत शिरला. फोटोत फक्त एक पाय आलाय.

बऱ्याच वेळाने आईने विचारलं, "पिल्लांची आई कुठे गेली?"

ती अंडी घालून निघून जाते, अंडी उबवायची आणि आठ-नऊ महिने पिल्लं सांभाळायची ती बापाने, असं मी सांगितलं. आईने एकदा जावयाकडे पाहिलं, मग खिडकीबाहेर.

"शहाणी आहे हो," ती म्हणाली.