कार्डावर नसलेला तिसरा रकाना

कापूस वेचणीच्या दिवसांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचं शिबिर ठेवायचं नसतं, हे तारखा ठरवणाऱ्यांना अजून कळलेलं नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या त्या उपकेंद्रात दुपारपर्यंत अकराच बाया आल्या. शेवटच्या मावशी ५४ वर्षांच्या, पाळी जाऊन बरीच वर्षं झालेली.

एचपीव्ही, म्हणजे ज्या विषाणूमुळे हा कॅन्सर होतो, त्याच्या तपासणीचा ब्रश आधी, ॲसिड नंतर. ब्रश पाच वेळा एकाच दिशेने फिरवायचा; घाईत दोनदा फिरवला की पेशी कमी येतात आणि मशीन नमुनाच बाद करतं. मग व्हीआयए, म्हणजे ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी बघायची तपासणी. ९५ मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये ५ मिली ग्लेशियल ॲसिटिक ॲसिड, रोज सकाळी ताजं. चिकट स्राव पुसायचा, भिजलेला बोळा गर्भाशयमुखावर टेकवायचा आणि घड्याळ बघून पूर्ण १ मिनिट थांबायचं. बाहेर रांग असली की सिस्टर वीस सेकंदांत मोकळ्या होतात. आतली लाल आणि बाहेरची गुलाबी त्वचा मिळते ते जंक्शन. त्याला चिकटून घट्ट पांढरा, ठळक कडेचा डाग उठला तरच पॉझिटिव्ह.

मावशींचं जंक्शन दिसलंच नाही. पाळी गेली की ते गर्भाशयमुखाच्या आतल्या नळीत सरकतं. पण कार्डावर रकाने दोनच. सिस्टरने निगेटिव्हवर टिक केली. डाग नव्हता, हे खरंच होतं.

आठवड्याने रिपोर्ट आला: एचपीव्ही १६.

मशीन या विषाणूचे १४ प्रकार शोधतं, पण १६ वेगळा दाखवतं. त्याला कारण आहे. गर्भाशयमुखाच्या दर दहा कॅन्सरमागे सुमारे सात १६ आणि १८ मुळे होतात. इतर प्रकार निघाले तर व्हीआयएवर पुढचं ठरवता येतं. १६ ला सरळ कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून गर्भाशयमुख मोठं करून बघणं, आणि मावशींच्या बाबतीत नळीच्या आतला नमुनाही.

आपल्याच राज्यात, उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात, १,३१,७४६ बायांचा अभ्यास झाला. तो २००९ साली छापून आला. एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. व्हीआयएने तेवढा फरक पडला नाही. तरी आमच्याकडे किट येतात ते एखाद्या प्रकल्पापुरते, एरवी ॲसिडच.

मावशी म्हणाल्या, "दुखत नाही, अंगावरून जात नाही, मंग नागपूरले कायले?" आशाताईंनी दोन फेऱ्या मारल्या, तेव्हा वेचणी सोडून निघाल्या.

मी जुनं रजिस्टर काढून पन्नाशीपुढच्या निगेटिव्ह बायांची नावं उतरवायला बसले. मावशींच्या कार्डावर पेनाने लिहिलं, 'जंक्शन दिसले नाही'. संध्याकाळी डाटा ऑपरेटरचा फोन आला, "मॅडम, हे सॉफ्टवेअर घेत नाही. पॉझिटिव्ह टाकू का निगेटिव्ह?"